मुंगीचा जोंधळा आणि बैलाची टायरगाडी

प्रश्न : अंगणात जोंधळा वाळत घातला, की मुंग्या दाणे पळवतात. मुंगी स्वतःच्या वजनाच्या कितीतरी पट ओझे नेते. तेव्हा ती बैलाएवढी असती, तर उसाच्या दहा गाड्या एकटीने कारखान्यावर नेल्या असत्या, असे मुलाचे म्हणणे आहे. हे खरे का? (एक वाचक, चिकोडी तालुका)

उत्तर : मुलाचे निरीक्षण चोख आहे, घोटाळा त्रैराशिकात आहे. चार मिलिग्रॅमच्या मुंगीने तीस मिलिग्रॅमचा दाणा जबड्यात धरून उचलला, तर तिने स्वतःच्या साडेसात पट भार पेलला, यात शंका नाही. परंतु स्नायूची ताकद त्याच्या वजनावर नव्हे, तर जाडीवर, म्हणजे आडव्या छेदाच्या क्षेत्रफळावर ठरते. प्राण्याची लांबी, रुंदी आणि उंची दुप्पट केली, तर हा छेद चौपट होतो आणि वजन मात्र आठपट. आकार जसजसा वाढेल, तसतशी ताकद वजनाच्या मागे पडत जाते. हाडांच्या बाबतीत हा मुद्दा गॅलिलिओने १६३८ मध्ये प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात मांडला होता. खानापूरच्या जंगलात कधीमधी येणाऱ्या हत्तीचे पाय खांबासारखे जाड आणि सरळ का, याचे उत्तर त्यातच आहे.

आता तुमच्या मुलाची मुंगी चारशे किलोंच्या खिल्लार बैलाएवढी करू. वजन दहा कोटी पट झाले, म्हणजे लांबी सुमारे ४६४ पट आणि ताकद सुमारे २ लाख १५ हजार पट वाढली. तीस मिलिग्रॅमला तेवढ्याने गुणले, की साडेसहा किलोंच्या आसपास उत्तर येते. जिला साडेसहा किलोच उचलता येतात, ती चारशे किलोंचे स्वतःचे धड पायांवर कशी तोलणार? गाडी दूरच, ती जागची उठणारही नाही. (अशा मुंगीला श्वासही पुरणार नाही, पण तो निराळा विषय आहे.) खरे तर सेंटिमीटरभर छेदाचा स्नायू मुंगीचा घ्या किंवा बैलाचा, त्याचा जोर फारसा वेगळा भरत नाही.

'किती पट' हे माप मला म्हणूनच पटत नाही. ते लहान प्राण्याला नेहमीच जिंकवते. शिवाय उचलणे आणि ओढणे यांची त्यात सरमिसळ होते. २०१० मध्ये शिंगे असलेल्या एका शेणकिड्याने स्वतःच्या वजनाच्या १,१४१ पट ओढ दाखवल्याची नोंद झाली. बिळात प्रतिस्पर्ध्याशी शिंगे भिडवून रेटारेटी करणाऱ्या किड्याचा तो जोर होता, डोक्यावर पेललेला भार नव्हे.

बैलाचेही तसेच आहे. दिवसभर काम करताना तो आपल्या वजनाच्या साधारण दहाव्या हिश्श्याएवढाच जोर सातत्याने लावतो, म्हणजे जोडीचा जोर ऐंशी किलोंच्या घरात जातो. सपाट डांबरी रस्त्यावर भरलेली दोन टनांची टायरगाडी चालती ठेवायला पन्नास-साठ किलोंचा जोर पुरतो. बाकीचा भार चाके रस्त्यावर टेकवतात. मात्र शंभर फुटांत पाच फुटांचा चढ लागला, की आणखी शंभर किलोंची ओढ लागते, आणि म्हणूनच गाडीवान चढाच्या पायथ्याशी जोडीला दम खाऊ देतो, मग खाली उतरून चाकाला खांदा लावतो.