रतनगडला लोकल गाईड घ्यावा का, की मोबाईलमधला मॅप पुरतो?

घ्या.

तुम्ही लिहिलंय की शेंडीला मुक्काम आहे, सोबत बायको आणि आठवीतली मुलगी, एका दिवसात रतनगड आणि जमलं तर सांदण, आणि "वाट मळलेली आहे म्हणे, मग गाईडचे पैसे कशाला". हेच शेवटचं वाक्य मी आमच्या दाजींच्या तोंडून दर दिवाळीला ऐकतो, त्यामुळे उत्तर जरा लांबणार आहे.

सांदणचं, म्हणजे साम्रद गावाजवळच्या त्या अरुंद घळीचं, आधी सांगून टाकतो, त्याच दिवशी नको. गडाच्या त्र्यंबक दरवाजाने साम्रदला उतरून दोन्ही करणारे आहेत, पण मुलगी बरोबर असताना दमलेल्या पायांनी त्या मोठमोठ्या दगडांत शिरायचं काही कारण नाही. गाडीने दुसऱ्या दिवशी जा.

आता रतनगड. मी मूळचा राजूरकडचा, हल्ली पुण्यात. ताई, दाजी, भाची आणि मी असे सप्टेंबरच्या शेवटी गेलो होतो, सोनकी फुललेली, सगळे उतार पिवळे. रतनवाडीत एक ओळखीचे मामा आहेत, पन्नाशीचे, भाताची खाचरं आहेत थोडी, सीझनला लोकांना गडावर नेतात. त्यांनी दिवसाचे आठशे सांगितले. दाजींनी तिथेच सुरू केलं, वाट दिसतेय, मॅप डाऊनलोड केलाय, आठशे कशाचे. मी म्हटलं चला हो, ठरवलंय मी. आणि खरं सांगायचं तर वाट कुठेही चुकायचा प्रश्न आला नाही. जंगलात जिथे कात्राबाईच्या खिंडीकडे हरिश्चंद्रगडाची वाट फुटते तिथेही दाजींचा मॅप बरोबरच दाखवत होता. ते मी तेव्हाही मान्य केलं होतं, आजही करतो.

पण मॅपने काय दाखवलं नाही ते सांगतो. मामांनी आम्हाला साडेसहाला अमृतेश्वराच्या देवळापाशी बोलावलं, मागून शनिवारची गर्दी येते आणि शिड्यांवर तास तास थांबावं लागतं म्हणून. प्रवरा याच डोंगरात उगम पावते, वाटेत तिचाच ओढा परत परत ओलांडावा लागतो, तिथे कुठल्या दगडावर शेवाळ आहे आणि कुठला कोरडा दिसला तरी डुलतो हे त्यांनी भाचीला पाय टाकायच्या आधी सांगितलं. हिरड्याची झाडं दाखवली, उन्हाळ्यात बाळहिरडा गोळा करून वाळवून विकायचा, त्यावर घरात चार पैसे येतात हे सांगितलं. कारवीच्या रानातून जाताना भाचीने विचारलं फुलं कुठेत, तर म्हणाले हिला सात वर्षांनी फूल येतं, तू कॉलेजात जाशील तेव्हा ये. शिड्यांच्या खाली सगळ्यांचा खाऊ एका सॅकमध्ये आत कोंबायला लावला कारण तिथली माकडं हातातली पिशवी ओढतात, आणि शिडीवर पिशवी ओढली गेली की माणूस आधी पिशवी धरतो, शिडी सोडतो. भाची चढताना ते तिच्या खालच्या पायरीवर होते, पूर्ण वेळ.

गणेश दरवाजातून आत गेल्यावर गुहेपाशी बसलो. खाली भंडारदऱ्याचा अख्खा जलाशय, पार शेंडीपर्यंत, पलीकडे कळसूबाई, एका बाजूला अलंग-मदन-कुलंग हे किल्ले. दाजी त्याच्या धरणाबद्दल, विल्सन डॅमबद्दल सांगत होते, १९१० ला काम सुरू, १९२६ ला पूर्ण, इंग्रजांनी काय काम केलंय वगैरे. मामा म्हणाले, "पाणी आमच्या दारात साठतं अन् जातं खाली श्रीरामपूर, राहात्याच्या उसाला. आमच्या बाया उन्हाळ्यात हंडा घेऊन फिरतात." एवढंच बोलले. मी त्या भागातला असून ते धरण वरून बघताना हा विचार माझ्या मनात पहिला यायला हवा होता असं मला वाटतं, आणि ताईने ते भाचीला नंतर नीट समजावून सांगितलं.

मग भांडणाचा मुद्दा. हनुमान दरवाजाच्या वर टाक्यांपाशी पोचलो तेव्हा बारा वाजत आले होते. घाटघरच्या बाजूने ढग चढायला लागला. पावसाळ्यातला पसरट पांढरा नव्हे, खालून काळा आणि वर वर वाढत जाणारा. मामा थोडा वेळ बघत राहिले आणि म्हणाले, "आता वर नाही जायचं. पोरगी हाये. लोखंडाच्या शिडीवर असताना ईज नको." दाजी म्हणाले अहो अर्ध्या तासाचा प्रश्न आहे, नेढं, म्हणजे माथ्यावरच्या कातळातलं ते आरपार भोक, बघायलाच तर आलोय, तेवढं करून उतरू. मामांनी वाद घातला नाही. भाचीची सॅक उचलली आणि दरवाजाकडे चालायला लागले. ताई त्यांच्या मागे गेली, मग मी, मग नाइलाजाने दाजी.

आणि झालं काय, तर थोडा भुरभुर पाऊस आला, गडगडाट कोकणाच्या बाजूला लांब कुठेतरी झाला, आणि आम्ही देवळापाशी पोचेपर्यंत लख्ख ऊन. दाजींचा पारा असा चढला की त्यांनी मामांना आठशेच्या जागी सहाशे दिले. "अर्धा गड दाखवला, पूर्ण पैसे कशाचे." मामा काही बोलले नाहीत. मी मागे थांबून दोनशे दिले, त्यांनी मोजले आणि खिशात ठेवले, बरोबरच केलं, ते त्यांचेच होते.

तेव्हापासून दाजींचं म्हणणं आहे की गाईडमुळे नेढं हुकलं, वीज तर पडलीच नाही, म्हाताऱ्याला लवकर घरी जायचं होतं. मला याचा मनापासून राग येतो आणि तो मी इथे काढतोय. वीज पडली नाही म्हणून उतरायचा निर्णय चुकीचा ठरत नाही. तो बारा वाजता घ्यायचा होता, तीन वाजता नाही. सप्टेंबरचा शेवट आणि ऑक्टोबर म्हणजे परतीचा पाऊस, दुपारनंतर विजा घेऊन येतो हे आमच्याकडे शाळेतल्या पोराला माहितीये. नेढं म्हणजे गडाचा अगदी माथा, उघडा कातळ, आणि तिथून रतनवाडीला परतायचं तर लोखंडी शिड्यांवरूनच. वीज आली असती तर आम्ही कुठे लपणार होतो? आणि घरी जायची घाई म्हणता, तर मामा पूर्ण उतार भाचीच्या पावलाने उतरले, तिची चप्पल... म्हणजे सँडल तुटला तो सुतळीने बांधून दिला, आणि खाली आल्यावर देवळाच्या आवारात आमच्याबरोबर निवांत बसले. पर्यटक खूश झाला तर दोन पैसे जास्त मिळतात हे त्यांना कळत नाही का? नेढं दाखवण्यात त्यांचा फायदा होता. तरी नाही म्हणाले. ते आठशे त्या "नाही"चे होते, वाट दाखवायचे नाहीतच.

देवगाव रतनगडापासून जवळ. इंग्रजांविरुद्ध बंड करणारे राघोजी भांगरे तिथले. १८४८ मध्ये ठाण्याच्या तुरुंगात फाशी दिली, पण त्याआधी कित्येक वर्षं इंग्रजांच्या फौजा याच डोंगरांत त्यांना शोधत फिरत होत्या. ज्या माणसांना डोंगर इतका ठाऊक आहे त्यांच्याशी आपण दोनशे रुपयांवरून घासाघीस करतो आणि वरच्या रिसॉर्टमध्ये चहाचे जे लावतील ते गुपचूप देतो, हे मला पटत नाही.

अजून एक, गाईड म्हणजे शहरातून बसमध्ये येणारा जॅकेटवाला लीडर नव्हे. चाळीस-पन्नास लोकांची बॅच, सगळ्यांना नेढ्यात फोटो हवा, शेड्यूल ठरलेलं, ढग कसाही असो. त्यातले काही चांगले असतीलही, पण मी रतनवाडीतलाच माणूस घ्या म्हणेन.

आता जे आधी लिहायला हवं होतं ते. गावातला प्रत्येक जण चांगला गाईड असतोच असं नाही, कधी कधी सोळा वर्षांचं पोरगं येतं आणि कानात इअरफोन घालून पुढे निघून जातं. आदल्या संध्याकाळी रतनवाडीत जाऊन भेटा, बोला, पैसे तेव्हाच ठरवा, रेट मी सांगत नाही कारण माझा आकडा जुना झालाय. जुलैत जाणार असाल तर बरीचशी माणसं आवणीत, म्हणजे भाताची रोपं लावण्यात असतात, आणि तसंही जुलै-ऑगस्टमध्ये मुलीला घेऊन शिड्यांवर जाऊ नका, घाटघरला नगरचं चेरापुंजी म्हणतात ते उगाच नाही. नोव्हेंबर ते जानेवारीत, मधल्या वारी, आधी डोंगर फिरलेला असेल तर मॅपवर भागतं, हे दाजींच्या बाजूने लिहून ठेवतो. अभयारण्याचा भाग आहे, नाक्यावर पावती लागते. फोनची रेंज धरून चालू नका.

चढायला तीन तास धरा, तुम्ही तिघं आहात आणि मध्ये थांबणार. दुपारी एकच्या आत परत शिडीखाली, मग नेढं झालेलं असो वा नसो.

दाजी यंदा डिसेंबरात परत जाऊ म्हणतायत, नेढं राहिलंय म्हणून. मी येतो म्हटलंय, पण मामांना फोन मी करणार आणि पूर्ण पैसे दाजींनी सकाळी देवळापाशीच द्यायचे, चढायच्या आधी. अजून त्यांचं उत्तर आलेलं नाही.