दत्तक आहे, ऑटिझम आहे, कुठेच आपलं वाटत नाही. जन्मदात्यांना शोधू का?

तुझं वय 16 लिहिलंयस, म्हणून अरेतुरे करतोय. मीही दत्तक. ऑटिझमचं निदान मात्र बारावीत झालं.

आधी कामाचं. जन्मदात्यांच्या शोधासाठी 18 पूर्ण होईपर्यंत 'कारा'कडे, म्हणजे दत्तक प्रकरणं पाहणाऱ्या केंद्र सरकारच्या संस्थेकडे, आईबाबांसोबतच अर्ज करावा लागतो, नंतर एकट्याला करता येतो. 2022 च्या दत्तक नियमावलीत तशी सोय आहे. जन्मदात्या आईने मूल संस्थेकडे सोपवताना नाव गुप्त ठेवायला सांगितलं असेल, तर आधी तिची संमती घेतात. ती नाही म्हणाली किंवा सापडलीच नाही, तर मूल का सोपवलं, परिस्थिती काय होती, एवढं कळतं. मूल बेवारस सापडलेलं असेल तर बहुधा तेही नाही.

माझं तसंच होतं. फाइलमध्ये पोलीस ठाण्याची नोंद, वजन आणि 'अंगावर पिवळे झबले'. त्या झबल्यापाशी मी अडकलो तो अडकलोच. म्हणजे कुणीतरी ते घातलं होतं. त्याला बटणं होती की बंद, हे लिहिलेलं नाही, याचा मला अजून राग येतो.

पण शोधाला निघण्याआधी एक बघ. आमच्याकडे लग्नात बायका आईला विचारायच्या, "हा कुणावर गेलाय गं?" मी तिथून पळायचो, आणि सगळे समजायचे, दत्तक ना, मनाला लागलं. मलाही तसंच वाटायचं. खरं तर मला बँड सहन होत नव्हता, आणि अंगाला टोचणारा शेरवानीचा कॉलरही. आईचे मामा मला मांडवामागे आचाऱ्यांकडे नेऊन बसवायचे, मटार सोलायला. कुणी बोलत नसे, कुणी डोळ्यांत बघत नसे. त्या लग्नांत तेवढ्या जागी मी घरचा होतो. परकेपणातला किती भाग दत्तकाचा आणि किती गोंगाटाचा, हे वेगळं केलंस तर फाइलकडून भलती अपेक्षा राहणार नाही. शोध मात्र जरूर घे, त्यात आईबाबांशी बेइमानी काही नाही.

फेसबुकवर फोटो टाकून शोधू नकोस. 'मीच तुझी आई' म्हणणारे निघतात, आणि आपण शब्दाला शब्द धरून विश्वास ठेवतो.

आईबाबांना तोंडाने सांगणं जमत नसेल तर लिहून दे. मी व्हॉट्सॲपवर लिहिलं होतं. बाबांनी नुसता अंगठा पाठवला आणि संध्याकाळी दत्तक आदेशाची झेरॉक्स टेबलावर ठेवली. तुझ्या आदेशाची प्रत आणि संस्थेचं नाव आधी मिळव. अर्ज भरताना अडलास तर इथेच विचार.