लेकीची वही फेकू नका

यवतमाळ जिल्ह्यातील आर्णी तालुक्यातून एका शेतकरी वडिलांचे सव्वादोन पानांचे पत्र आले आहे. मुलीला बारावी विज्ञानानंतर नीटमध्ये पहिल्या प्रयत्नात ४१२ गुण मिळाले. तिला आणखी एक वर्ष नागपूरच्या शिकवणीला ठेवून एमबीबीएससाठी पुन्हा बसवावे, असे वडिलांच्या मनात आहे. मुलगी मात्र पशुवैद्यकीयचा अर्ज भरू द्या म्हणते. घरात लॅब्राडोरचे एक पिल्लू आहे. ते वाढीला लागत नव्हते, खाल्ल्यावर भिंतीला डोके टेकवून उभे राहायचे आणि एकदा त्याला झटके आले. नागपूरला सोनोग्राफी केल्यावर यकृताची गाळणी टाळून जाणारी एक जन्मजात रक्तवाहिनी सापडली. सध्या पिल्लू औषध-पथ्यावर आहे, आणि मुलीला हीच शस्त्रक्रिया शिकायची आहे. वडील विचारतात, ‘ढोरांचा डॉक्टर, आणि त्यातही कुत्र्याच्या लिव्हरचा! हे खूळ तिच्या डोक्यातून कसे काढावे?’

स. न. वि. वि.

तुमचे पत्र मी दोनदा वाचले. पहिल्या वाचनात गुणांचा आकडा दिसला, दुसऱ्या वाचनात मी त्याच्याकडे पाहिलेसुद्धा नाही. शिकवणीच्या फीसाठी दोन एकर वावर गहाण ठेवल्याचा उल्लेख पत्रात चार ठिकाणी आहे, आणि त्यातल्या एका ठिकाणी तुम्ही लिहिता की, ‘वावर सुटेपर्यंत तुला आवडीनिवडी परवडायच्या नाहीत, असे मी तिला स्पष्ट सांगितले आहे.’ त्याच्याच पुढच्या ओळीत, ती आता सर्वांसोबत जेवायला बसत नाही आणि विचारल्याशिवाय बोलत नाही, असेही तुम्हीच लिहिले आहे. या दोन ओळींचा एकमेकींशी संबंध आहे, हे तुमच्या लक्षात आले नसेल तर मी सांगतो : आहे. आपल्या भागात ‘कर्ज’ हा शब्द लेकरांच्या कानावर कोणत्या आठवणींसह पडतो, हे तुम्हाला सांगायची गरज नाही. वावर गहाण टाकण्याचा निर्णय तुमचा होता, तो तुम्ही मायेपोटी घेतला याबद्दल मला शंका नाही; पण त्याची परतफेड सतरा वर्षांच्या मुलीने विशिष्ट पदवी मिळवून करावी, असा व्यवहार तिच्याशी कोणी केला नव्हता. अर्ज, फेऱ्या, शिकवणी हे सगळे आठवडाभर बाजूला ठेवा आणि हे कर्ज फेडण्याची जबाबदारी तुझी नाही, एवढे एक वाक्य तिला स्वतःच्या तोंडाने सांगा. आईकडून निरोप पाठवू नका. तरीही तिचे बोलणे-जेवणे पूर्ववत झाले नाही, तर जिल्हा रुग्णालयातील मानसोपचारतज्ज्ञांना भेटा आणि प्रवेशाचा विचार त्यानंतर करा.

आता तुमच्या एका गैरसमजाबद्दल. जनावराचा डॉक्टर म्हणजे कमी अकलेचा डॉक्टर, असे तुम्ही लिहिले नाही, पण पत्राच्या शेवटापर्यंत तोच सूर आहे. तुमच्या पिल्लाचेच उदाहरण घ्या. आतड्यांतून निघालेले रक्त आधी यकृतात जाते, तिथे अमोनियासारखे विषारी पदार्थ निष्प्रभ होतात आणि मग ते हृदयाकडे वळते. पिल्लू आईच्या पोटात असताना गाळणीचे काम आईचे यकृत करते, म्हणून तेव्हा यकृताला टाळून जाणारी एक वाट उघडी असते. जन्मानंतर थोड्याच दिवसांत ती मिटायला हवी. लॅब्राडोरसारख्या मोठ्या जातींत कधी कधी ती मिटत नाही आणि न गाळलेले रक्त थेट मेंदूपर्यंत पोहोचते. यॉर्कशायर टेरिअर, माल्टीज अशा लहान जातींत हा दोष बहुधा यकृताच्या बाहेर असतो, म्हणून तो हाताशी येणे तुलनेने सोपे. यकृताच्या आतला शंट, म्हणजे अशी आडवाट, शोधणेही अवघड आणि बांधणेही. उपाशीपोटी आणि जेवणानंतर दोन तासांनी रक्तातील पित्ताम्ले मोजायची, डॉप्लर सोनोग्राफी करायची, शिरेत औषध सोडून सीटी स्कॅन करायचा, तेव्हा कुठे वाट नेमकी कुठून कुठे जाते ते कळते. पुढे ती वाट दोऱ्याने करकचून बांधली की काम झाले, असेही नाही. आजवर रक्ताची सवय नसलेल्या यकृताकडे सगळा प्रवाह एकदम वळला, तर आतड्यांत रक्त तुंबून कुत्रे काही तासांत दगावू शकते. म्हणून यकृताबाहेरच्या शंटभोवती अनेकदा एक कडे बसवतात : बाहेरून स्टील आणि आत दाबून भरलेले केसिन, म्हणजे दुधातलेच प्रथिन, जे तुमच्या म्हशीच्या दुधातही असते. अंगातील ओलावा शोषून ते हळूहळू फुगते आणि वाहिनी काही आठवड्यांत आवळली जाते. आतल्या शंटसाठी मानेतील शिरेतून नळी घालून बारीक तारेची वेटोळी सोडण्याची पद्धतही आहे. आणि यकृताच्या जुनाट आजाराने दाब वाढून अशा बारीक वाटा पुष्कळ उघडल्या असतील, तर त्यांना हातही लावायचा नसतो, कारण त्याच वाटा त्या कुत्र्याला तगवून ठेवतात. कुठे कापायचे नाही हे ओळखणारा माणूस तुम्हाला कमी अकलेचा वाटत असेल, तर माझ्याकडे त्यावर उपाय नाही.

मुलगी वेळ वाया घालवते, याचा पुरावा म्हणून तुम्ही तिच्या वहीतल्या ओळी उतरवून पाठवल्या आहेत : ‘सकाळी भाकर-ताक, काही नाही. दुपारी मामाने अंडी दिली, दीड तासाने भिंतीला डोके, लाळ. रात्री भात, शांत झोपला.’ अहो, प्रथिने पोटात गेली की त्रास वाढतो, हे तिने निदान होण्याच्या तीन आठवडे आधी टिपून ठेवले होते! इतक्या वर्षांत माझ्याकडे पहिल्या क्रमांकाची पुष्कळ मुले आली, पण अशी वही घेऊन आलेली मुले मला फार थोडी आठवतात. ती वही ‘चुलीत टाकतो’ असे तुम्ही तिला म्हणालात. टाकली नसेल, अशी आशा करतो.

मार्गाबद्दल थोडक्यात सांगतो. बी.व्ही.एस्सी. अँड ए.एच. ही साडेपाच वर्षांची पदवी आहे, त्यात वर्षभराची आंतरवासिता येते, आणि राज्यातील प्रवेश नीटच्याच गुणांवर नागपूरच्या महाराष्ट्र पशु व मत्स्य विज्ञान विद्यापीठामार्फत होतात. गेल्या वर्षीच्या फेऱ्यांच्या याद्या तिच्या प्रवर्गासह शेजारी ठेवून पाहा, म्हणजे ४१२ कुठे बसतात ते कळेल. त्यापुढे दोन वर्षांचे एम.व्ही.एस्सी., विषय पशुशल्यचिकित्सा व क्ष-किरणशास्त्र.

यापुढचे मी तिच्यासाठी लिहितो, ते तिला वाचू द्या. बाई, केवळ कुत्र्यांचा डॉक्टर होण्याची पदवी आपल्याकडे नाही. तुला आधी म्हशीच्या पोटात खांद्यापर्यंत हात घालावा लागेल, शेळ्यांचे लसीकरण आणि कोंबड्यांचे शवविच्छेदन शिकावे लागेल, आणि ही शस्त्रक्रिया स्वतःच्या हाताने करण्याइतकी तयारी व्हायला बारावीनंतर दहा वर्षेही लागू शकतील. ती नियमित करणारी केंद्रे देशात मोजकीच आहेत. म्हणजे नोकरीसाठी आर्णी सोडावी लागेल, कदाचित विदर्भही. एका पिल्लावरच्या जीवामुळे इतके मोठे ओझे उचलायला निघाली असशील, तर मी तुला थांबवेन. पशुवैद्यक म्हणून पोळ्याच्या आदल्या रात्री एखाद्या बैलाचे फुगलेले पोट सोडवायलाही तू उठशील का, याचे उत्तर आधी शोध. गावच्या पशुवैद्यकीय दवाखान्यात डॉक्टरांची परवानगी घेऊन पंधरा दिवस सकाळी जाऊन उभी राहा. शेणाचा वास, मालकाची घाई आणि दगावलेले वासरू, हे सगळे बघ. त्यानंतरही हेच हवे असेल, तर पसंतीक्रमात ते पहिले टाक, आणि लिव्हरचे काय ते तिसऱ्या वर्षाच्या पुढे ठरव.

पुन्हा नीट देण्याचा निर्णय या पंधरा दिवसांनंतर, तिला समोर बसवून घ्या. मधल्या काळात अर्ज भरण्याची मुदत संपत असेल, तर पशुवैद्यकीयचा अर्ज भरून ठेवा. भरलेला अर्ज पुढे सोडता येतो, न भरलेला परत मिळत नाही. पुढचे पत्र मात्र तिने लिहावे, तुम्ही नको.

आणि पिल्लाच्या पुढच्या तपासणीला नागपूरला जाल, तेव्हा ती वही सोबत न्या. कोणत्या दिवशी, काय खाल्ल्यावर, किती वेळाने त्रास झाला, हे डॉक्टर पहिल्यांदा विचारतील, आणि त्या घरात त्याचे उत्तर फक्त तिच्याकडे आहे. मामांना अंडी देऊ नका म्हणावे.