दारातला फोन

मुंबईत नवा आहेस, म्हणून आधी हेच सांगतो: लोकलच्या दारात उभं राहून फोन काढू नकोस. गाडीचा वेग कमी झाला की रुळांलगत उभा असलेला माणूस हातावर काठी मारतो आणि खाली पडलेला फोन उचलून पळतो. यालाच फटका म्हणतात. फोनच्या मागे झेपावून माणसं गाडीखाली गेली आहेत. गेला तर जाऊ दे, उडी मारायची नाही. हे मला वचन दे.

रस्त्यावर चालताना फोन वाहनांच्या बाजूच्या हातात नको. रिक्षातही मांडीवर ठेवू नकोस, सिग्नलला दुचाकीवाले झडप घालतात.

आज रात्रीच एक काम कर. स्टार हॅश शून्य सहा हॅश दाब, आलेला १५ आकडी आयएमईआय, म्हणजे फोनचा ओळख क्रमांक, वहीत लिही. माझा फोन गेला तेव्हा हा नंबर शोधण्यात अख्खा दिवस गेला. तो छापलेलं फोनचं खोकं केव्हाच रद्दीत गेलं होतं. सिमलाही पिन लाव. नाहीतर चोर ते दुसऱ्या फोनमध्ये घालून तुझे ओटीपी वाचतो.

चोरी झालीच तर पहिला फोन बँकेला, यूपीआय बंद करायला. पैसे गेले असतील तर १९३०, ही सायबर फसवणुकीची सरकारी हेल्पलाइन. मग पोलीस ठाणं. ‘हद्द आमची नाही’ म्हणाले तरी हलू नकोस, झिरो एफआयआर, म्हणजे हद्दीबाहेरच्या गुन्ह्याची तक्रार, कुठल्याही ठाण्यात नोंदवता येतो. तक्रारीची प्रत आणि त्याच नंबरचं नवं सिम हाती आलं की संचार साथी या सरकारी पोर्टलवर फोन ब्लॉक कर.