नागपूरचे राजधानीपद नेमके कधी गेले?

आपला प्रश्न असा आहे की, 1960 मध्ये महाराष्ट्र स्थापन झाला तेव्हा नागपूरचे राजधानीपद गेले का, आणि आज या शहराला उपराजधानी म्हणतात ते कशाच्या आधारावर. राजधानीपद 1 नोव्हेंबर 1956 रोजीच गेले होते. हे वर्ष आधी दुरुस्त केले, तरच दुसऱ्या प्रश्नाचा उलगडा होतो.

हे शहर भोसल्यांनी वसवले, असेही अनेकांना वाटते. वास्तविक सातपुड्यातील देवगडचा गोंड राजा बख्त बुलंद शाह याने 1702 च्या सुमारास नाग नदीकाठच्या बारा लहान गावांतून ते उभे केले. या गावांना 'राजापूर बारसा' म्हणत. त्याचा मुलगा चांद सुलतान याने देवगडहून राजधानी येथे आणली आणि शहराला कोट बांधला. शहराच्या महाल या जुन्या भागात शिरताना लागणारे गांधी गेट म्हणजे त्याच कोटाचा जुम्मा दरवाजा. रोज त्याखालून हजारो माणसे जातात, पण तेथे गोंड राजाची आठवण क्वचितच कोणी काढते, याचे मला मनापासून वाईट वाटते. चांद सुलतानानंतर वारसाचा तंटा झाला, त्यात पहिले रघुजी भोसले मध्यस्थ म्हणून आले आणि पुढे सत्ता त्यांच्याच हाती राहिली.

1817 ची सीताबर्डीची लढाई भोसले इंग्रजांविरुद्ध हरले. तिसरे रघुजी 1853 मध्ये निपुत्रिक वारले आणि गव्हर्नर जनरल डलहौसीने 1854 मध्ये राज्य खालसा केले. 1861 मध्ये नागपूरचा मुलूख आणि सागर-नर्मदेचा प्रदेश जोडून मध्य प्रांत झाला व त्याची राजधानी नागपूर ठरली. निजामाकडून कायमच्या पट्ट्याने घेतलेला वऱ्हाड 1903 मध्ये त्याला जोडला गेला. म्हणजे जबलपूर, रायपूर आणि अकोला या तिन्ही ठिकाणच्या माणसाला वरच्या कामासाठी नागपूरच गाठावे लागे. हिंदी आणि मराठी मुलूख एका कारभारात बांधणारी ही राजधानी होती, आणि 1936 पासून तिला स्वतःचे उच्च न्यायालयही होते. उन्हाळ्यात मात्र सरकार पचमढीला मुक्काम हलवत असे.

स्वातंत्र्यानंतर 1950 मध्ये या प्रांताचे नाव मध्य प्रदेश झाले, तरी राजधानी नागपूरच होती. भोपाळ नंतर आले. राज्यांच्या पुनर्रचनेसाठी नेमलेल्या फाजल अली आयोगाने 1955 मध्ये स्वतंत्र विदर्भाची शिफारस केली, ती स्वीकारली गेली नाही. पुढच्या वर्षी आठ मराठी जिल्हे द्वैभाषिक मुंबई राज्यात गेले, नव्या मध्य प्रदेशाची राजधानी भोपाळला आणि उच्च न्यायालयाचे मुख्य पीठ जबलपूरला गेले.

'उपराजधानी' हा शब्द राज्यघटनेत कोठेही नाही. नागपूरला तसे म्हणतात ते येथे होणाऱ्या विधिमंडळाच्या हिवाळी अधिवेशनामुळे. घटनेच्या अनुच्छेद 371(2) मध्ये विकास मंडळांची आणि निधीच्या न्याय्य वाटपाची तरतूद आहे, अधिवेशनाची नाही. अधिवेशनाचे मूळ 28 सप्टेंबर 1953 च्या नागपूर करारात आहे. यशवंतराव चव्हाणांसह पश्चिम महाराष्ट्र, विदर्भ आणि मराठवाड्याच्या नेत्यांनी सही केलेल्या या करारात दरवर्षी किमान एक अधिवेशन नागपुरात घ्यावे आणि सरकारने ठरावीक काळ येथे राहून कारभार करावा, असे मान्य झाले होते. लोक अधिवेशनाबद्दलच बोलतात. माझ्या मते करारातले वजनदार कलम मुक्कामाचे होते, आणि तेच सर्वांत आधी पातळ झाले. डिसेंबरात रविभवनाचे बंगले उघडतात, दारांवर मंत्र्यांच्या पाट्या चढतात, मुंबईहून फायलींचे गठ्ठे येतात आणि अधिवेशन संपताच पाट्या उतरतात. 2020 आणि 2021 मध्ये करोनामुळे हिवाळी अधिवेशने मुंबईतच झाली, तेव्हा या पाट्याही लागल्या नाहीत. बाराही महिने चालू राहिले ते मुंबई उच्च न्यायालयाचे नागपूर खंडपीठ.