आधी झारी खाली ठेवा

प्रश्न : ताई, थंडी पडली की माझी बाग गपगार होते. नवं पान नाही, कळी नाही. पण सकाळचा तासभर बागेत काढायची सवय काही सुटत नाही. म्हणून रोज पाणी घालते, आठवड्याला खत देते. तरी कुंडीतल्या रोपांची खालची पानं पिवळी पडताहेत. या दिवसांत बागेत करायचं तरी काय?

उत्तर : पानं पिवळी पडतात ती बहुधा तुमच्या त्या तासाभरामुळेच! थंड मातीत मुळांचं काम मंदावतं, पानांतून पाणीही कमी उडतं. वर तुम्ही रोज झारी ओतता. मातीतल्या बारीक पोकळ्या पाण्याने भरून जातात, मुळांना हवा मिळत नाही आणि ती कुजू लागतात. पिवळं पान दिसलं की ‘उपाशी आहे बिचारं’ असं वाटून आपण आणखी खत देतो. ते झाड घेत नाही, क्षार नुसते कुंडीत साठत राहतात. समजा घेतलंच, तर कोवळी पालवी फुटते आणि कडाक्याच्या थंडीत पहिली तीच करपते. तेव्हा खत बंद. पाणी घालण्याआधी बोट दोन पेरं मातीत खुपसून बघा. तिथवर कोरडं लागलं तरच घाला, आणि घालाल ते सकाळी.

याला अपवाद एकच. रात्री दव गोठेल अशी थंडी येणार असेल आणि माती अगदी सुकलेली असेल, तर दिवसा पाणी द्या. ओली माती कोरडीपेक्षा जास्त ऊब धरून ठेवते. नाजूक झाडांवर रात्री जुनी चादर जमिनीपर्यंत टाका आणि सकाळी काढा. प्लॅस्टिकचा कागद पानांना टेकला की तिथलं पान जळतं, म्हणून कापडच बरं.

आता तुमच्या त्या तासाचं. एक वही करा. सकाळी नऊ, दुपारी बारा आणि तीन वाजता बागेत सावली कुठे पडते, ते कच्च्या नकाशावर आखा. मात्र त्या नकाशावरून उन्हाळ्याचे वाफे ठरवू नका. हिवाळ्यात सूर्य खाली असतो, सावल्या लांब पडतात. शिवाय आज निष्पर्ण उभं असलेलं झाड उन्हाळ्यात तिथलं सगळं ऊन अडवणार आहे. हीच आखणी उन्हाळ्याच्या तोंडाशी पुन्हा करा आणि दोन्ही पानं शेजारी ठेवा. टोमॅटो मागच्या वेळी का रुसले, ते बरेचदा तिथेच कळतं.

वहीत आणखी एक लिहा : कोणती भाजी कोणत्या वाफ्यात होती. वांगी, टोमॅटो, मिरची, बटाटा ही सगळी एकाच कुळातली. यांतली एक काढून त्याच मातीत दुसरी लावली, तर मातीतले रोग तिला आयतेच मिळतात.

छाटणीची घाई नको. पानं गळून गेलेल्या झाडांची वाळकी, मोडकी, एकमेकींवर घासणारी फांदी आता नीट दिसते, ती काढा. गुलाबाची फांदी बाहेर तोंड असलेल्या डोळ्याच्या (म्हणजे नवी फूट येते त्या उंचवट्याच्या) अर्धा सेंटिमीटर वर तिरकी कापा. पण वसंतात लगेच फुलणाऱ्या झुडपांना हात लावू नका. त्यांच्या कळ्या मागच्या हंगामातच फांदीवर तयार झालेल्या असतात. आता छाटलंत तर यंदाची फुलं कापून टाकलीत असं समजा.

प्रश्न : दोन-तीन वर्षांपूर्वीची बियाण्यांची पाकिटं पडून आहेत. ठेवू की टाकू?

उत्तर : आधी तपासा, मग ठरवा. दहा बिया ओलसर टिशू कागदात गुंडाळून पिशवीत घाला आणि घरातल्या उबदार जागी ठेवा. आठ-दहा दिवसांनी मोजा. आठ उगवल्या तर उत्तम. पाच उगवल्या तर दुप्पट दाट पेरा. दोन-तीनच असतील तर मोह सोडा. कांद्याचं बी वर्ष-दोन वर्षांत दम सोडतं, टोमॅटो आणि काकडीचं चार-पाच वर्षंही टिकतं. उरलेलं बी घट्ट झाकणाच्या बरणीत, कोरड्या आणि थंड जागी ठेवा. पाकिटावर वर्ष लिहिलेलं नसेल तर आजच लिहा. नुसत्या आठवणीवर बियाणं ठेवणाऱ्यांना मी फार पाहिलंय.

प्रश्न : छाटणीची कात्री गंजली आहे, चिकटही झाली आहे. नवी घ्यावी का?

उत्तर : नको. उघडून तारेच्या ब्रशने गंज काढा. चिकट डिंक स्पिरिटच्या फडक्याने निघतो. कानस फक्त पात्याच्या उतरत्या बाजूवर चालवा, त्याने सपाट बाजूला वळलेली धातूची बारीक कड तेवढी हलकेच घासून काढा. जोडावर तेलाचा एक थेंब पुरे. खुरपी-कुदळीच्या लाकडी मुठींना जवसाचं तेल चोळा. मात्र तेल लावलेलं फडकं चुरगळून कोपऱ्यात टाकू नका. हे तेल वाळताना तापतं आणि फडकं आपोआप पेट घेऊ शकतं. ते बाहेर मोकळं पसरून पूर्ण वाळू द्या, मगच कचऱ्यात टाका.