गावाचा कागद गावापुढे वाचावा

प्रश्न : आमच्या तालुक्याच्या गावी पाच वर्षांपूर्वी काही निवृत्त शिक्षक आणि तरुण यांनी मिळून स्थानिक इतिहास मंडळ सुरू केले. दरवर्षी बाहेरगावचे वक्ते बोलावून गडकिल्ल्यांवर आणि लढायांवर तीन-चार व्याख्याने ठेवतो. परंतु तेच ते तीस-चाळीस श्रोते येतात आणि गावातल्या निम्म्या आळ्यांतून कोणी फिरकतही नाही. सर्वांना आपला वाटेल असा कार्यक्रम कसा आखावा? (एक वाचक, सातारा जिल्हा)

उत्तर : अडचणीचे मूळ आपल्या पत्रातच आहे. वक्ता बाहेरचा, विषयही बहुधा बाहेरचा, आणि गावकऱ्यांच्या वाट्याला केवळ ऐकण्याचे काम. माझा आग्रह असा की वर्षातून निदान एक कार्यक्रम व्याख्यानाचा न ठेवता गावातच सापडलेल्या एका कागदाच्या जाहीर वाचनाचा ठेवावा.

ही कल्पना नवी नाही. १९१० साली पुण्यात भारत इतिहास संशोधक मंडळ स्थापन झाले, तेव्हापासून त्याच्या सभांमध्ये नव्याने हाती आलेली कागदपत्रे वाचून दाखवण्याची आणि त्यांवर खल करण्याची परंपरा रुजली. मंडळाच्या संस्थापकांपैकी एक असलेल्या वि. का. राजवाडे यांनी जुन्या घराण्यांची दप्तरे धुंडाळत ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’ या मालेचे २२ खंड सिद्ध केले. १९२६ साली धुळ्यास त्यांचे निधन झाल्यावर पुढच्याच वर्षी तेथे त्यांच्या नावाचे संशोधन मंडळ उभे राहिले. म्हणजे अशा कामासाठी पुण्या-मुंबईचीच जागा लागते असे नाही.

कागद निवडताना राजांच्या पत्रांपेक्षा महजर शोधावा. वतनाचा किंवा शिवेचा तंटा उभा राहिला की गोतसभा, म्हणजे गावकऱ्यांची न्यायसभा, भरे आणि तिचा निर्णय महजरावर उतरवला जाई. त्याखाली जमलेल्यांच्या साक्षी पडत. लिहिता न येणारा माणूस आपल्या व्यवसायाची खूण काढी : पाटलाच्या नावापुढे नांगर, न्हाव्याच्या नावापुढे आरसा, सुताराच्या नावापुढे त्याचे हत्यार. ज्या आळ्यांतून आज कोणी येत नाही असे आपण लिहिता, त्या आळ्यांतल्या लोकांचे पूर्वज अनेकदा याच कागदाच्या तळाशी हजर असतात. तो भाग मोठा करून पडद्यावर दाखवा, एकेक नाव सावकाश वाचा आणि त्या आडनावाच्या घरांना आधी स्वतः जाऊन निमंत्रण द्या. नुसत्या छापील पत्रिकेने हे काम होणार नाही.

वाचनाला मोडी येणारा माणूस लागेल. मराठा-कुणबी नोंदींच्या शोधासाठी २०२३ मध्ये निवृत्त न्यायमूर्ती संदीप शिंदे यांची समिती नेमली गेली, तेव्हा जुन्या दप्तरांतील मोडी वाचणाऱ्यांची निकड साऱ्या राज्याला जाणवली. म्हणून मंडळाने सुटीत मोडीचा वर्ग चालवावा. पहिल्याच दिवशी विद्यार्थ्यांपुढे कागदावरची तारीख ठेवावी. ‘इहिदे सितैन मया व अलफ’ हे अरबी संख्यावाचक शब्द आहेत : एक, साठ, शंभर आणि हजार. म्हणजे शुहूर सन (मराठी दप्तरांतली जुनी कालगणना) ११६१. त्यात ५९९ किंवा, जानेवारी ते मे हे महिने असतील तर, ६०० मिळवले की इसवी सन निघतो. पानिपतच्या संग्रामाचे, १७६०-६१ चे, तेच वर्ष. आधी ओळभर शिरोरेघ ओढून तिच्याखाली शब्द न तोडता लिहिलेली अक्षरे एकदा उलगडू लागली की मुले आपणहून घरच्या पेट्या उघडतात.

महजरात एक उणीव राहते : बायकांच्या साक्षी तेथे क्वचितच दिसतात. ती भरून काढायला जात्यावरच्या ओव्यांसारखे साधन नाही. हेमा रायरकर आणि गी पॉइतव्हाँ या अभ्यासकांनी सहकाऱ्यांसह महाराष्ट्रातल्या खेड्यांतून एक लाखाहून अधिक ओव्या जमवल्या, हे आपल्यासमोर आहेच. गावातल्या वयस्क स्त्रियांना सभामंडपात ध्वनिवर्धकासमोर बसवू नका. त्यांच्या ओसरीवर जा, ओवी त्यांच्याच बोलीत टिपून घ्या, आणि माहेर, सासर, दुष्काळ, बाजार यांतले त्या काय सांगतात ते त्यांच्या संमतीनेच पुढे मांडा.

दोन गोष्टींची काळजी मात्र घ्यावी लागेल. जुन्या कागदांत जातिवाचक उल्लेख येतात आणि वतनाच्या जुन्या भांडणांची धग काही घरांत अजूनही असते. म्हणून वाचनापूर्वी संबंधित कुटुंबांना मजकूर दाखवावा आणि त्यांनी नको म्हटले तर तो कागद बाजूला ठेवावा. दुसरी गोष्ट कागदाच्या जिवाची. मूळ कागद मंडळाने आपल्याकडे ठेवून घेण्याची घाई करू नये. नीट उजेडात छायाचित्र काढावे आणि कागद मालकाला त्याच दिवशी परत द्यावा. लॅमिनेशन आणि चिकटपट्टी यांनी कागदाचे कायमचे नुकसान होते, आणि ओल्या फडक्याने पुसले तर काजळीची शाई पसरते. आपल्या पूर्वजांनी दप्तरे कापडी रुमालात बांधून ठेवली होती. स्वच्छ, धुतलेल्या सुती कापडाचा रुमाल आणि जमिनीपासून उंच, कोरडी जागा, एवढे आजही बहुतेक घरांना जमण्यासारखे आहे. कागद परत करताना तो रुमाल मंडळाने आपल्याकडून बांधून द्यावा.